सतरंजी लख्ख, माणसं धूसर

११ ऑक्टो. १९७८. दसरा.

काल खंडेनवमीची पूजा झाली. दुकानातली सगळी हत्यारं सौ.ने पाटावर मांडली. कॅमेरा, स्टँड, दोन्ही दिवे, कागद कापायची सुरी, फिल्म धुवायच्या थाळ्यासुद्धा. कॅमेऱ्याचं तोंड नेहमीसारखं पुढं काढायला लावलं. "देवाफुडं त्वांड लपवून बसतंय व्हय कुणी?" दर वर्षी हेच. मी निमूट नॉब फिरवला आणि दोन्ही भिंगांची पट्टी पार पुढं आणून दिली. मग हळदकुंकू, झेंडू, अक्षता. यंदा रेशनचा तांदूळ, त्यात निम्मी कणीच. कुरकुरली, पण उधळल्या मात्र सढळ हातानं.

मीही मनापासून हात जोडले. या पेटीनं घर चालवलंय.

आज सोनं वाटत अख्खं तासगाव फिरलो. टाचा दुखतायत.


१५ ऑक्टो.

प्राथमिक शाळेच्या शिक्षकांचा ग्रुप बिघडला. हेडमास्तर रिटायर होतायत, त्यांचा निरोपाचा फोटो. पुढं अंथरलेल्या सतरंजीचा दोरा न् दोरा दिसतोय, आणि खुर्चीवरचे हेडमास्तर धुक्यात. मागची उभी रांग तर विचारूच नका.

स्टँड हलला असणार. पण स्टँड हलला तर सतरंजीही हलायला हवी होती ना.

पदरची फिल्म घालून परत काढीन म्हणालो. हेडमास्तर म्हणाले, "अहो, असू दे. इतकी वर्षं मुलांनी मला असंच पाहिलंय." भला माणूस.


१८ ऑक्टो.

शिक्षकांचा परत काढला. भर उन्हात, भिंगाचं छिद्र अगदी बारीक करून, म्हणजे फोकस थोडा चुकला तरी सावरून जातो. बरा आला. चला, मिटलं.

नॉब शेवटी शेवटी जरा जड लागतो. ग्रीस आळलं असेल.


१९ ऑक्टो.

एका मुलीचा स्थळांना दाखवायला पाठवायचा फोटो. जवळून. पापणीचा केस न् केस आलाय. मुलीची आई खूश, मुलगी खूश, मीही खूश. मग जवळचं एवढं छान येतं, तर लांबच्या ग्रुपला काय होतं?

संध्याकाळी सुईत दोरा ओवायला गेलो, तीनदा चुकला. सौ.ने सुई काढून घेतली. पहिल्याच फटक्यात ओवली.


२५ ऑक्टो.

गोदाक्का आली होती. कवठे महांकाळच्या वाटेवरच्या गावाची. नवरा नाही, चार मुलं, चारही फौजेत. एकाची रजा दुसऱ्याला जुळत नाही. एक आला की दुसरा गेलेला. यंदा दिवाळीला चौघंही घरी येणार म्हणून एस्टीनं खास सांगायला आली. दुकानात खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच बसली.

"मास्तर, चौघं एका जागी हुबं असल्याला फोटू न्हाई माज्याकडं. येकबी न्हाई. पाडव्याला याचं बगा."

म्हटलं, येणार म्हणजे येणार.

"आन् चांगला काडायचा. म्हंजी म्या बगायच्या आदी शेजारनीला दावीन."

जाताना पिशवीतून शेंगा काढून टेबलावर ओतल्या. नको म्हणायला उसंतच दिली नाही.


१ नोव्हें. पाडवा.

गोदाक्काच्या गावी जाऊन आलो. एस्टी उशिरा. पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यात तिनं आधी चौघांना ओवाळलं, मग चौघांनी तिच्या पाया पडायचं, मग मला जेवू घातल्याशिवाय पेटी उघडू देईना. उजेड कमी, म्हणून छिद्र मोठं ठेवावं लागलं.

काय पोरं आहेत. थोरला दत्ता हवालदार, मिशा पिळलेल्या. दुसरा वसंत एका पायावर भार टाकून उभा राहतो, कितीदा सांगितलं तरी. धाकटे दोघे एकमेकांना कोपरानं ढोसत होते, दत्तानं नुसतं बघितलं, गप्प झाले. घरापुढच्या लिंबाखाली उभे केले. मधे खुर्चीवर गोदाक्का, डोक्यावर पदर, हात गुडघ्यावर.

कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत सगळं स्वच्छ दिसलं. खूप दिवसांत असा ग्रुप मिळाला नव्हता. सगळी फिल्म संपवली.

येताना एस्टीत गुणगुणत होतो म्हणे. शेजारच्यानं सांगितलं.


२ नोव्हें. भाऊबीज.

सौ.चा भाऊ आलाय. घरात हसणं-खिदळणं. मी काळ्या खोलीत.

धूसर. सगळ्याच्या सगळ्या. पुढच्या मातीतला खडा न् खडा लख्ख आणि चौघांची तोंडं दुधात कालवल्यासारखी.

मेहुण्याबरोबर जेवायला बसलो. करंजी ताटातच ठेवली. सौ.ला म्हटलं पोट बरं नाही.


३ नोव्हें.

डोळेच. दुसरं काय असणार. चाळिशी कधीच उलटली. काचेत मला स्वच्छ दिसतं ते खरं स्वच्छ नसणार. म्हणजे आता धंदा

नको लिहायला.

पोरांच्या रजा संपत आल्यात. वसंताची सगळ्यात आधी संपणार, दत्ता पाडव्याला म्हणाला होता.


४ नोव्हें. सातारा.

पहाटेच्या गाडीनं नानांकडं आलो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते नाना. हा कॅमेराही त्यांचाच, मी दुकान काढताना "तुझ्याकडं राहू दे" म्हणून दिलेला. आता आराम करतात, पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हटकतात.

सगळं सांगितलं. डोळे गेले, धंदा बंद करतो, असंही बोलून गेलो. नाना शांतपणे पान लावत होते.

"डोळे तपासलेस?"

नाही.

"कॅमेरा तपासलास?"

नाही.

"मग रडतोस कशावर? आधी एक काहीतरी पक्कं कर. डोळा पक्का झाला की मग कॅमेरा. दोन्ही एकदम संशयावर घेतलंस तर जन्मभर शोधत बसशील."

मग वहिनींनी जेवायला वाढलं. नाना अजून मला शिकाऊच समजतात, ताटातली भाजी संपव म्हणाले. निघताना पाया पडलो तेव्हा पाठीवर धपाटा. त्या धपाट्यानं निम्मं ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू.


६ नोव्हें. मिरज.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. डोळ्यात थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, अक्षरं वाचायला लावली. लांबचं पार शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. जवळचा चष्मा लागलाय, बस. "तुमच्या वयात माझाही लागला," डॉक्टर म्हणाले. "लांबची नजर उत्तम आहे."

परत विचारलं. परत म्हणाले, उत्तम.

थेंबांमुळं सगळीकडं चकचकाट होता. एस्टी स्टँडवर सौ.साठी पेढे घेतले. घरी आल्यावर तिला सगळं सांगून टाकलं. चिडली. "पोट बरं न्हाई म्हनलासा! मी ओवा दिला आन् तुमी खाल्लासाबी!"


७ नोव्हें.

डोळा पक्का. आता कॅमेरा.

बापूच्या द्राक्षबागेत गेलो. बापू शाळेपासूनचा दोस्त, त्याच्या बागेत दगडी खांब एका रांगेत नीट अंतरावर उभे आहेत. बापूनं चुन्याचा डबा आणला आणि खांबांवर एक, दोन, तीन असे मोठे आकडे घातले. मी रांगेच्या टोकाला जरा तिरका स्टँड लावला. छिद्र पूर्ण उघडं. सातव्या खांबावर फोकस केला.

माझ्या एकट्याच्या नजरेवर विसंबायचं नव्हतं, म्हणून बापूलाही काचेत बघायला लावलं.

"कितवा स्वच्छ दिसतोय?"

"सातवा की रं गड्या. पार त्येच्यावरची मुंगीबी दिसाय लागलीया."

मग त्याच जागेवरून सातवा, पाचवा, दुसरा, असे वेगवेगळ्या खांबांवर फोकस करून फोटो काढले. बापू प्रत्येक वेळी काचेत बघून आकडा मोठ्यानं सांगायचा, खालून वर सगळ्या बागेला ऐकू जाईल असा. मजुरीवरच्या बाया हसत होत्या. एकीनं विचारलं, "खांबांची लगीनं ठरवायल्यात का काय?"


८ नोव्हें.

फिल्म धुतली. सातव्यावर फोकस केला तेव्हा फिल्मवर चौथा खांब लख्ख. पाचव्यावर केला तरी चौथाच. आणि दुसऱ्यावर केला तर दुसरा! अगदी बरोबर!

म्हणजे जवळचं ठीक, लांबचं चूक. वरच्या भिंगातून मी काचेत बघतो, खालचं भिंग फिल्मवर चित्र पाडतं. दोन्ही एकाच पट्टीवर बसवलेली, नॉब फिरवला की पट्टी पुढं-मागं होते. जवळच्यासाठी पुढं, लांबच्यासाठी मागं. वरचं भिंग मागं जातंय, खालचं मात्र पुरतं मागं जात नाहीये. ते कुठंतरी अडतंय आणि पट्टी तिरकी बसतेय. म्हणूनच नॉब शेवटी जड.

इतका वेळ नॉब ओरडून सांगत होता आणि मी ग्रीसला शिव्या घालत होतो.

संध्याकाळी दत्ता दुकानात आला, फोटो झाले का विचारायला. म्हटलं, अजून नाही. म्हणाला, "वसंता गेला काल. मिरजंतनं गाडी हुती. जाताना आईला म्हनला, फोटू घावल्यावर मला एक धाड."




९ नोव्हें.

कॅमेरा पुण्याला दुरुस्तीला पाठवायचा तर महिना जाणार. म्हणून निदान बाहेरून तरी बघू म्हटलं. पट्टी पार पुढं काढली, खिडकीपाशी धरली, नवा चष्मा चढवला. काही दिसेना. सौ. शेजारी तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "द्या हिकडं. तुमी बगताय वरनं, खालनं कोन बगनार?"

तिनं कॅमेरा उलटा करून उजेडात धरला. खालच्या भिंगाच्या मागं, पट्टीच्या बुडाशी, फटीत टोकदार काडी घालून हळूच उकरलं. तिच्या तळहातावर काहीतरी पडलं.

कणी. हळद लागलेली, पिवळीधम्मक.

तिच्या पुढ्यात सूप होतं, त्यातही तसल्याच कण्या. मग तिचा चेहरा उतरला.

"माज्याच हातची की ही."

मला हसू फुटलं. थांबेचना. कॅमेऱ्याचं तोंड पुढं काढायचं, फट उघडी करायची, वरून अक्षता उधळायच्या आणि मग मी नॉब फिरवून पट्टी मागं घ्यायची. अख्खा दाणा असता तर फटीत शिरलाच नसता. ती रडायला आली आणि मी लोळायला. "माजं काळीज हाललंय आन् तुमी हसताय!" सूप आपटलं, तांदूळ सगळा घरभर.

पण खरं सांगतो, मी आनंदानं हसत होतो. डोळे शाबूत. कॅमेरा शाबूत. नॉब फिरवून बघितला, शेवटपर्यंत लोण्यासारखा गेला. तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. तेही पडलो असतो, पण पाय ओढून घेतले असते तिनं.

झोपताना म्हणाली, "फुडल्या दसऱ्याला कॅमेऱ्याला अक्षता न्हाई."

मी म्हटलं, अक्षता हवीच. तू उधळ. फक्त मी त्याचं तोंड मिटून ठेवतो.

"तोंड मिटून पूजा हुत न्हाई."

बरं, मग तांदूळ अख्खा घे.

यावर विचार करते म्हणाली.


१० नोव्हें.

बापूच्या बागेत परत तीच परीक्षा. सातवा म्हटलं की सातवाच. बापूनं कणीची गोष्ट बागेतल्या सगळ्यांना सांगितली, मला न विचारता. आता ती तासगावभर होणार. होऊ दे.


११ नोव्हें.

गोदाक्काच्या गावी गेलो. बरोबर कॅमेरा आणि त्यातल्या त्यात बरा एक फोटो. ठरवलं होतं, सरळ सांगायचं.

फोटो हातात दिला. तिनं उजेडाकडं धरला, तिरका केला, लांब नेला, जवळ आणला. बोटानं एकेकाला शिवली. "ह्यो दत्ता. ह्यो वसंता, बगा कसा लंगडा हुबा ऱ्हायलाय. आन् ही दोगं." डोळ्यांत पाणी. "झ्याक आलाय, मास्तर!"

दत्ता आणि धाकटे मागं उभे होते. त्यांना फोटो दिसला होता. दत्तानं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, म्हणजे बोलू नका.

पण मला राहवेना. म्हटलं, आक्का, फोटो बिघडलाय. माणसं धूसर आलीत. चूक माझ्या कॅमेऱ्याची.

"फोटू कशाला बिगडंल? माजं डोळंच तसलं. मला समदीच आशी दिसत्यात."

मग कणीची सगळी हकिगत सांगितली. हसली, तोंडाला पदर लावून. म्हटलं, कॅमेरा आता नीट आहे, आजच परत काढू, हे तिघं आहेत तोवर.

हसणं थांबलं.

"न्हाई. चार ल्येकाची आई हाय मी. तिगांस्नी हुबं करून काडायचा न्हाई. येकाला वजा क्येल्यावानी हुतंय त्ये."

दत्तानं समजावलं. मी समजावलं. नाही म्हणजे नाही. चौघं येतील तेव्हाच.

निघताना दत्ता वेशीपर्यंत पोचवायला आला. त्याला विचारलं, आईला कधीपासून असं दिसतं? म्हणाला, "आमी वर्सातनं येकदा येनार. ती म्हनती, बरं हाय. आमी म्हनतो, बरं हाय."

त्याला मिरजेच्या डॉक्टरांचं सांगितलं.


१४ नोव्हें.

दत्ता आईला घेऊन मिरजेला जाऊन आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा आधी करायचा. त्यानं रजा वाढवून मागितलीय. येताना दुकानात शिरला आणि माझ्या हाताला धरून उभाच राहिला. एवढा मिशीवाला हवालदार.

माझे डोळे ठीक निघाले, कॅमेरा ठीक निघाला, आणि माझ्या त्या खोट्या भीतीनं एका म्हातारीची वाट मिरजेकडं वळली. कुणाचे आभार मानू कळत नाही. नानांचे मानले मनात. डॉक्टरांचे मानले. त्या कणीचेही.

सौ.ने ती कणी टाकली नाही. देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्यात ठेवलीय. विचारलं तर, "ऱ्हाऊ द्या."


२८ नोव्हें.

गोदाक्काचं ऑपरेशन झालं. मी आणि सौ. मिरजेला बघायला गेलो. डोळ्याला पट्टी, उशाखाली तोच धूसर फोटो. सौ. कॉटशी बसली, दोघींच्या गप्पा सुरू. मी बाहेर येऊन दत्ताबरोबर चहा घेतला. उद्या तोही निघणार. आईपाशी आता त्याची बायको राहणार.


१० जाने. १९७९.

हेडमास्तर आले होते, नातवाचा फोटो काढायला. आल्या आल्या त्यांनीही तेच विचारलं. "कणी पडली का?" हा आता दुकानात शिरण्याचा परवलीचा शब्द झालाय. बापू मेल्यावर सुद्धा मी त्याला सोडणार नाही.


२१ जाने., रविवार.

गोदाक्काला चष्मा मिळाला. निरोप आला, मास्तरांना म्हणावं कॅमेरा घेऊन या. सौ.ही म्हणाली मी येते.

उंबऱ्यावरच बसली होती. जाड भिंगांतून तिचे डोळे मोठे मोठे दिसतात. आम्हाला बघून आधी सौ.चा चेहरा न्याहाळला, मग माझा. "तुमी येवढं काळं हायसा व्हय, मास्तर!"

मग आतून फोटो आणला. चष्म्यातून बघत राहिली.

"आगं बया. ह्यो तर समदा धुरळाच."

मी मान खाली घातली. ती हसली. मग सौ.कडं वळून म्हणाली, "तूच व्हय कणी घातल्याली?" सौ. लाजली, तीही हसली.

मी म्हटलं, आक्का, तो फोटो द्या परत. दुकानाचा शिक्का आहे त्याच्यामागं. मला बघवत नाही.

"न्हाई. दुसरा घावंस्तवर ह्योच माजा. चौगं हायती ह्येच्यात." फोटो पदराखाली गेला.

मग काठी टेकत मला अंगणात नेलं. लिंबाखाली जमिनीवर चुन्याच्या चार फुल्या. एका रांगेत, माणसाएवढ्या अंतरानं. बापूच्या खांबांची गोष्ट तिनं मनात ठेवली होती. "ही जागा दत्ताची. ही वसंताची. ही धाकट्यांची. म्या मदी. येतील तवा तुमचा यळ नगं जायाला."

कधी येतील, विचारलं नाही. तिलाही ठाऊक नाही. चौघांची रजा परत कधी जुळणार, ते त्यांच्या साहेबांना ठाऊक.

सांगितलं, पाऊस आला की पुसल्या जातील.

"मग परत काडीन. आता दिसतंय की मला."

तिच्या समाधानासाठी स्टँड लावला. पट्टी पुढं काढून फटीत फुंकर मारली, सवयच लागलीय. फुल्यांवर फोकस केला. नॉब शेवटपर्यंत हलका गेला. काचेत चारही फुल्या लख्ख.

फोटो काढला नाही. तसाच वाकून बघत राहिलो थोडा वेळ. मागून गोदाक्का म्हणाली, "सरका, मला बगू द्या."